पेन्सिल, कंस आणि आडवी रेघ

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानं सातबाऱ्याचं रूप बदललं. वर बोधचिन्ह आलं, गावाच्या नावापुढे सांकेतिक क्रमांक आला, शेतीचं क्षेत्र कोणत्या एककात आणि बिनशेतीचं कोणत्या, हे ठरवून दिलं गेलं. या यादीत एक बारीकसा बदल होता. मयत खातेदाराचं नाव, फिटलेल्या कर्जाचा बोजा, मुदत संपलेला ई-करार या नोंदी तोवर कंसात घातल्या जात. आता त्यांच्यावरून एक आडवी रेघ जाऊ लागली. खोडलेलं नाव मात्र वाचता येत राहिलं.

संगणकावर मसुदे तपासणाऱ्यांना ही रेघ चांगलीच ओळखीची आहे. वर्डसारख्या प्रणालीत ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू केलं की काढून टाकलेला शब्द नाहीसा होत नाही, रेघ अंगावर घेऊन जागीच थांबतो. नवा शब्द वेगळ्या रंगात येतो, समासात शेरा पडतो, शेऱ्यावर तो लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ असते. अधिकार असलेला माणूस ‘मान्य’ म्हणेपर्यंत बदल कच्चाच राहतो. हीच शिस्त यवतमाळ जिल्ह्यातल्या तलाठ्यांच्या साझ्यांमध्ये संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून शाईनं आणि पेन्सिलीनं पाळली जात होती. तिचं घर म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफाराची नोंदवही.

सातबारा सर्वांना ठाऊक असतो. कर्ज काढायचं, विहीर मंजूर करून घ्यायची, कापसाचं अनुदान मिळवायचं, तर सातबारा लागतो. फेरफाराची नक्कल मात्र भांडण लागल्यावरच आठवते. खरं पाहता सातबारा हा नुसता निकाल आहे. तो निकाल कसा लागला, कोणाच्या सांगण्यावरून लागला आणि कोणी मंजूर केला, ते सगळं फेरफारात असतं. म्हणून सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाच्या आसपास एक छोटा क्रमांक दिसतो. तो फेरफाराचा क्रमांक.

जुन्या हस्तलिखित वहीचं एक पान उघडलं तर चार रकाने दिसतात. पहिल्यात नोंदीचा अनुक्रमांक. दुसऱ्यात, सर्वांत रुंद, मिळालेल्या हक्काचं स्वरूप. तिसऱ्यात ज्या शेतांवर परिणाम होतो त्यांचे भूमापन क्रमांक. चौथ्यात तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा आणि सही. दुसऱ्या रकान्यातली भाषा ठराविक साच्याची: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यास वारस पत्नी एक, मुलगे दोन, मुली तीन, वय इतकं, अर्जावरून आणि बयानावरून नोंद घेतली. चौथ्या रकान्यात बहुतेक वेगळ्या हाताचं, वेगळ्या शाईचं अक्षर: संबंधितांस नोटीस बजावली, मुदतीत हरकत नाही, नोंद प्रमाणित. खाली मंडळ अधिकाऱ्याची तारखेसह सही. विदर्भात त्याला आजही बरेच लोक ‘आर. आय.’ म्हणतात आणि तलाठ्याला पटवारी. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, तरी बोलण्यात पटवारीच आहे.

या दोन रकान्यांच्या मधल्या काळात खरी गंमत घडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं की वारसानं, खरेदीनं, वाटणीनं किंवा आणखी कशानं हक्क मिळाला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा. कलम १५० पुढची वाट आखून देतं. तलाठ्यानं नोंद वहीत लिहायची, तिची प्रत चावडीवर सर्वांना दिसेल अशा जागी लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. ही ‘नमुना नऊची नोटीस’. हरकतीला पंधरा दिवस. तोवर सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक फक्त पेन्सिलीनं टिपलेला असे. नोंद प्रमाणित झाली की पेन्सिलीच्या जागी शाई, नवं नाव दाखल, जुनं नाव कंसात. नोंद नामंजूर झाली तर पेन्सिल पुसायची. पण फेरफाराच्या वहीतली मूळ नोंद ‘रद्द’ या शेऱ्यासह कायम. तिथे रबर चालत नाही.

ही पद्धत एका दिवसात सुचलेली नाही. वऱ्हाड १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा झाला, त्याचं नाव पुढे वणी जिल्हा पडलं. १९०५ च्या फेररचनेत वाशीम जिल्ह्यातून पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि यवतमाळ हे नाव आलं. जमिनीची मोजणी मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीनं १८६१ पासून वऱ्हाडात सुरू झाली होती. शेत मोजायचं, त्याची प्रत ठरवायची, आकार बसवायचा आणि आकार कोणी भरायचा त्याचं नाव लिहायचं, एवढाच त्या मोजणीचा मतलब. सरकारला सारा हवा होता. तो भरणाऱ्यामागे कोणाचा हिस्सा आहे, शेत कोणाकडे गहाण पडलं आहे, प्रत्यक्ष नांगर कोण धरतं, हे त्या कागदाला विचारायचं कारण नव्हतं.

यवतमाळ भागात त्यात आणखी एक धागा होता. माळरान आणि जंगल लागवडीखाली आणण्यासाठी १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांनी अख्खी ओसाड गावं मक्त्यानं दिली गेली. ही इजाऱ्याची गावं. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या नावामागे ‘इजारा’ आजही चिकटून आहे. अशा गावात जमीन इजारदाराची, कसणारे वेगळे, आणि त्यांच्यातला व्यवहार बराचसा तोंडी. कापसाला भाव आला तशी जमीन हातोहात फिरू लागली, सावकारांची गहाणखतं वाढली, आणि मोजणीच्या वेळचा कागद वस्तुस्थितीपासून लांब पडत गेला.

मुंबई इलाख्यात याच अडचणीवर १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा झाला. १८९९-१९०० च्या दुष्काळानं शेतकरी नागवला होता, आणि जमीन खरोखर कोणाच्या हातात आहे हे सरकारी दप्तराला सांगता येत नव्हतं. नव्या पद्धतीनं दोन गोष्टी केल्या. एक, त्या घडीला असलेले सगळे हक्क एकदा लिहून काढायचे. दोन, तिथून पुढे होणारा प्रत्येक बदल क्रमानं, तारखेनं आणि आधारासह नोंदवायचा. १९१३ मध्ये हा भाग मुंबईच्या महसूल कायद्यातच घातला गेला. गावनमुन्यांची चौकट एफ. जी. एच. अँडरसन या अधिकाऱ्याच्या नियमपुस्तकातून रुळली. सहा, सात, बारा हे आकडे शेतकऱ्याच्या तोंडी बसले ते या चौकटीमुळे.

वऱ्हाडाची वाट मात्र वळणावळणाची. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताकडे गेला. महसुलाचा कायदा १८९६ चा, मग १९२८ चा. स्वातंत्र्यानंतर यवतमाळ मध्य प्रदेशात. ३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रांतातली मालगुजारी आणि तिच्यासोबत वऱ्हाडातला इजारा संपला. १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता इथे लागू झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. महाराष्ट्राची स्वतःची संहिता १९६६ ची, अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासून, आणि हक्कनोंदणीचे आज चालणारे नियम १९७१ चे. म्हणजे एकाच शेताचा कागद एका हयातीत तीन राज्यांच्या दप्तरातून गेला. जुना हक्क शोधणारा यवतमाळकर म्हणूनच सातबाऱ्यावर थांबत नाही. तो पेरेपत्रक काढतो, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढतो, मृत्यूची तारीख हवी असेल तर कोतवाल बुकाची नक्कल मागतो. नमुने बदलले, मथळे बदलले. बदलाची नोंद बदलाशेजारी ठेवायची सवय टिकली.

सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. मसुद्याच्या समासातल्या शेऱ्यांचं काम हा रकाना करतो. मालक कोण ते डावीकडे. त्या मालकीला अडसर काय, ते इथे. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट, कुळाचं नाव, ‘विक्रीस बंदी’, ‘पुनर्वसनासाठी राखीव’. विदर्भासाठी १९५८ मध्ये वेगळा कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९६१ हा कुळांना मालकी देण्याचा दिवस ठरला, तेव्हा या रकान्यातली कितीतरी नावं कायद्याच्या बळावर मालकीच्या रकान्यात सरकली. भूदानात मिळालेल्या जमिनीवर ‘भूदानधारी’ असा स्वतंत्र उल्लेख आला.

कोलाम, गोंड, परधान, आंध यांच्या वस्त्या असलेल्या पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी, महागाव या भागांत या रकान्याची किंमत फार मोठी आहे. संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ मुळे आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि तो शेरा सातबाऱ्यावर असला तर खरेदी करणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

तो शेरा लागण्याच्याही आधी गेलेल्या जमिनींचं काय? त्यासाठी १९७४ चा कायदा झाला, १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगरआदिवासींकडे गेलेली जमीन परत करण्याची तरतूद त्यात होती. आता अशी जमीन शोधायची कुठून? चालू सातबाऱ्यावर तर घेणाऱ्याचंच नाव. उत्तर फेरफाराच्या वहीत होतं. क्रमांकाला क्रमांक लावत मागे गेलं की कंसातलं जुनं नाव सापडे, व्यवहाराची तारीख सापडे, मंजुरीची सही सापडे. जुनं नाव त्या काळी खरडून काढण्याची पद्धत असती, तर कायदा पुस्तकात राहिला असता आणि शेत जिथल्या तिथे. मुद्दा सरळ आहे: मागे न्यायचं असेल तर मागचं दिसलं पाहिजे.

हरकतींसाठीही वेगळं घर आहे. कोणी आक्षेप घेतला की नोंद ‘सहा-अ’ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते. हरकत घेणाऱ्याला पोच मिळते, दोन्ही बाजूंचं ऐकलं जातं, आणि निकाल फेरफारावर उतरतो. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, पुढे आणखी वर. अपिलात नोंद रद्द झाली तरी आधीच्या सहीवर काट मारली जात नाही. आदेशाचा नवा फेरफार नव्या क्रमांकानं धरला जातो. त्यामुळे पन्नास वर्षांनी वही पाहणाऱ्याला चुकीचा निर्णयही दिसतो, आणि तो कोणी दुरुस्त केला तेही.

जगात याच्या अगदी उलट टोकाची पद्धतही आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकारानं १८५८ मध्ये असा कायदा झाला की सरकारी नोंदवहीत आज ज्याचं नाव तोच मालक. त्यामागचा इतिहास खरेदीदारानं उकरायची गरज नाही. तिथे अंतिम प्रत हीच खरी. आपल्याकडे कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, तेवढंच. फेरफारानं मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलाच्या कामापुरती, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे. मध्य प्रदेशातल्या जितेंद्र सिंह प्रकरणात २०२१ मध्येही सांगितलं. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात. पण त्या न्यायालयातही पहिला कागद कोणता मागवतात, तर फेरफाराची नक्कल.

वहीत सगळंच उतरत होतं असं मात्र नाही. बहिणींची नावं हा तिचा जुना आंधळा कोपरा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बापाच्या मिळकतीत मुलीला वारस केलं, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतका हक्क दिला. पण बयान देणारा थोरला मुलगा. त्यानं वारसांत बहिणींची नावं सांगितलीच नाहीत तर पटवाऱ्याच्या लेखणीत ती येणार कशी? आलीच तर थोड्याच दिवसांत ‘हक्कसोड’ असा दुसरा फेरफार आणि नावं कंसात. जुन्या सातबाऱ्यांवर नुसत्या ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर एवढ्या शेऱ्यावर अख्खं घर एका पुरुषाच्या नावामागे उभं असे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक देऊन बायकोचं नाव शेतीला लावा असं गावोगाव सांगितलं, आणि १९९२ मध्ये शासनानंही त्याची योजना काढली. यवतमाळमध्ये शेतकरी आत्महत्यांनंतर विधवांपुढे पहिला प्रश्न तोच उभा राहिला. नवऱ्याच्या नावाला कंस पडून आपलं नाव चढल्याशिवाय ना पीककर्ज, ना विमा, ना अनुदान.

मग संगणक आला. हस्तलिखित सातबारे टंकून घेण्याचं काम मोठं होतं आणि त्यात घोटाळेही भरपूर झाले. कुठे एखाद्या खातेदाराचं नाव सुटलं, कुठे क्षेत्राचा मेळ बसेना, कुठे कंसातला माणूस पुन्हा मालक होऊन बसला. शेवटची चूक बोलकी आहे. टंकणाऱ्याला कंस म्हणजे नुसतं विरामचिन्ह वाटलं, तर दप्तराच्या दृष्टीनं मेलेला माणूस जिवंत होतो. या चुका वेचण्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं. संगणकावरचा सातबारा छापून गावात मोठ्यानं वाचायचा आणि लोकांनी चुका सांगायच्या. पुढे लेखनप्रमादाच्या दुरुस्त्या कलम १५५ खाली आदेश काढून झाल्या, आणि प्रत्येक दुरुस्तीचा पुन्हा फेरफार. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

ई-फेरफार प्रणालीत पेन्सिल गेली, तिची जागा एका ओळीनं घेतली. सातबाऱ्यावर आता ‘प्रलंबित फेरफार’ असा उल्लेख असतो. तिथे ‘नाही’ असेल तर कागद स्थिर आहे. क्रमांक असेल तर कोणाचा तरी बदल मंजुरीची वाट पाहतो आहे. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख वेगळी दिसते, जुने क्रमांक एकत्र एका रकान्यात असतात. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती थेट प्रणालीत येते आणि फेरफार तयार होतो. चावडीवरच्या भिंतीचं काम ‘आपली चावडी’ हे संकेतस्थळ करतं: गाव निवडलं की चालू फेरफारांची यादी, प्रकार, सर्व्हे नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख. पुण्यात किंवा सुरतेत कामाला गेलेल्या भावाला आर्णीतल्या शेताची वाटणी चालली आहे हे कळायला आता कोणाच्या निरोपाची गरज नाही. अट एकच, त्यानं ते उघडून पाहिलं पाहिजे.

गमावलं तेही थोडं नाही. वहीत हस्ताक्षर बोलत असे: घाईत लिहिलेली नोंद, वेगळ्या शाईतली मागाहून घुसवलेली ओळ, सहीखालची तारीख. अनुभवी वकील पान पाहूनच संशय घ्यायचे. छापील फेरफारात सगळी अक्षरं सारखी. त्या बदल्यात कोणत्या लॉगिनमधून, कधी, काय केलं याचा हिशेब प्रणालीकडे राहतो, पण तो साहेबाच्या पडद्यावर; शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर नाही.

शेरे साचत जातात हा या पद्धतीचा दुसरा दोष. अज्ञान पालनकर्त्याचा ‘अ. पा. क.’ शेरा तसाच, आणि त्या वेळचा अज्ञान मुलगा आज नातवंडं खेळवतो आहे. कधीचीच फिटलेली तगाई, बंडिंगचा बोजा, मेलेल्या सावकाराचं नाव. बँक मॅनेजरला हे सगळं जिवंत कर्ज वाटतं. २०२५ मध्ये महसूल विभागानं ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली. आधी मयत खातेदारांच्या जागी वारसांची नोंद, मग कालबाह्य शेरे काढणं. काढणं म्हणजे इथेही फेरफार धरूनच काढणं, अंदाधुंद पुसणं नव्हे. यवतमाळच्या सोळा तालुक्यांतल्या अनेक घरांनी आजोबांच्या नावावरचं शेत प्रथमच स्वतःच्या नावावर पाहिलं असेल ते या निमित्तानं.

दप्तराची ही शिस्त शेतकऱ्याच्या कामी यायची असेल, तर तिच्याकडे वेळेत पाहणं त्याच्याच हातात आहे. सातबारा काढताना ‘प्रलंबित फेरफार’ची ओळ आधी वाचावी. शेत घ्यायचं असेल तर चालू सातबाऱ्यावर विसंबू नये. त्यावरच्या सगळ्या फेरफारांच्या नकला काढून १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापर्यंत मागे जावं. वारसनोंदीचं बयान देताना बहिणींची नावं सांगावीत. आणि एखादी नोंद चुकीची वाटली तर पंधरा दिवसांच्या आत हरकत लेखी द्यावी, तोंडी सांगून परत येऊ नये, आणि तिची पोच घेऊन ठेवावी.